आधीचा देह, नंतरचा देह

वजन काट्यावर मोजता येते, देह मात्र अंगवळणी पडावा लागतो. हा भेद एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बहुतेकांचे वजन वर्षानुवर्षे फारसे हलत नाही आणि हललेच तर इतक्या संथपणे हलते की मन त्याच्या जोडीने चालत राहते. वर्ष-दीड वर्षात तीस-चाळीस किलो वजन उतरवलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हे दोन हिशेब एकमेकांपासून फुटतात. काट्यावर नवा आकडा दिसतो, रक्तदाबाची गोळी अर्धी होते, अंगठी बोटातून निसटू लागते, आणि तरीही तोच माणूस कापडाच्या दुकानात जुन्या मापाच्या शर्टाकडे हात नेतो, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय नजरेने तपासतो आणि बसमधल्या दोघांच्या बाकावर अंग चोरून कडेला बसतो. या विसंगतीला मनाचा खेळ म्हणून हसण्यावारी नेण्याची किंवा उलट थेट मानसिक विकाराच्या खात्यात टाकण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की या दोन्ही वाटा मूळ प्रश्नाला बगल देतात. दवाखाना, बाजार आणि आप्तेष्ट यांनी मिळून वजन घटण्याची जी कथा रचली आहे, तिच्यात आधीच्या देहाला दोषी ठरवल्याशिवाय नंतरच्या देहाचे कौतुकच करता येत नाही. आणि हे दोन्ही देह ज्याचे आहेत त्या माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा मागे रेंगाळते याचे एक मोठे कारण या रचनेत दडलेले आहे.

येथे दोन संकल्पना वेगळ्या करून घेणे आवश्यक आहे. आपले शरीर कसे दिसते, ते किती जागा व्यापते आणि त्याची किंमत काय, याविषयी माणसाच्या मनात वसलेले चित्र म्हणजे देहप्रतिमा. तिच्या खाली, बहुधा जाणिवेत न येता काम करणारी दुसरी गोष्ट म्हणजे देहआराखडा: हातपाय या क्षणी कुठे आहेत, खांदे किती रुंद आहेत, समोरच्या फटीतून अंग जाईल की नाही, याचा मेंदूने स्वतःपुरता तयार केलेला आणि हालचालींच्या अनुभवातून दुरुस्त होत जाणारा नकाशा. हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञांनी १९११ मध्ये ही कल्पना मांडताना तत्कालीन स्त्रियांच्या टोपीतील पिसाचा दाखला दिला होता. देहाचा नकाशा कातडीपाशी संपत नाही, तो त्या पिसाच्या टोकापर्यंत पोहोचतो, असे त्यांचे म्हणणे होते. तुरेदार फेटा बांधलेला नवरदेव ठेंगण्या दारातून आत शिरताना न सांगता मान लववतो, ते याच आराखड्याच्या बळावर. पुढे १९३५ मध्ये व्हिएन्नाचे मनोवैद्य पॉल शिल्डर यांनी यात मोलाची भर घातली: देहाचे चित्र एकट्याच्या डोक्यात तयार होत नाही, ते दुसऱ्यांच्या नजरा, स्पर्श आणि बोलणे यांतून घडते. शिल्डर यांचे हे सूत्र पुढच्या संशोधनात थोडे मागे पडले, आणि ते मागे पडले नसते तर बरे झाले असते.

वजन उतरल्यावर देहप्रतिमेचे काय होते याचा पद्धतशीर विचार साठच्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मायरन ग्लुक्समन आणि ज्युल्स हर्श यांनी रुग्णालयात ठेवून वजन घटवलेल्या मोजक्या लठ्ठ रुग्णांना स्वतःच्या चित्राची रुंदी स्वतःला वाटेल तशी कमीजास्त करून लावायला सांगितली, तेव्हा असे दिसले की हे रुग्ण आपले वजन जवळजवळ घटलेच नसावे अशा रीतीने चित्र लावत होते. त्याच सुमारास, १९६७ मध्ये, अल्बर्ट स्टंकार्ड आणि मायर मेंडेलसन यांनी दाखवून दिले की स्वतःच्या देहाविषयीची तीव्र नाराजी सगळ्याच लठ्ठ माणसांत आढळत नाही. लहानपणापासून किंवा वयात येताना जे जाड होते आणि घरात-बाहेर त्यावरून ज्यांना बोलणी खावी लागली, त्यांच्यात ती घर करून राहते. १९९० मध्ये थॉमस कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कधीच जाड नसलेल्या, सध्या जाड असलेल्या आणि पूर्वी जाड असलेल्या स्त्रियांची तुलना केली, तेव्हा तिसऱ्या गटाचे स्वतःच्या देहाविषयीचे मत पहिल्या गटापेक्षा दुसऱ्याच्या अधिक जवळ निघाले. पाय कापल्यानंतरही तो जागेवर असल्याचा भास काही रुग्णांना होतो, त्या धर्तीवर या अनुभवाला आभासी मेद असे नाव पडले.

नाव सुटसुटीत असले तरी त्याने थोडी दिशाभूल केली. कापलेल्या पायाचा भास हा मुख्यतः मज्जासंस्थेचा व्यापार. उतरलेल्या मेदाच्या भासात मज्जासंस्थेइतकाच समाजही गुंतलेला आहे. याची खूण अशी की देहप्रतिमा नेहमी एकाच दिशेने चुकत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास नैतिक कारणाने नकार दिलेल्या ३६ तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले आणि त्यांचे वजन जवळपास एक चतुर्थांशाने उतरले. त्या तरुणांना आपण हाडांचे सापळे झालो आहोत असे फारसे वाटत नव्हते, उलट बाहेरची धडधाकट माणसेच त्यांना नको इतकी जाड दिसू लागली, आणि पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर त्यांतील काहींनी पोट आणि ढुंगण जड झाल्याची तक्रार केली. म्हणजे मन आजूबाजूची माणसे आणि चालू घडीची गरज यांवरून मोजपट्टी ठरवते, आणि ती पट्टी कधी देहाच्या मागे राहते तर कधी पुढे धावते. देहआराखड्याबाबतही असेच घडते: युट्रेख्ट विद्यापीठातील अनुक केयझर यांच्या गटाने २०१३ मध्ये नोंदवले की अन्नत्यागाच्या विकाराने अत्यंत कृश झालेल्या स्त्रिया, निरोगी स्त्रिया सरळ चालत जातील अशा रुंदीच्या फटीतूनही, खांदे तिरके करून जातात. त्यांना कोणी तसे करायला सांगितलेले नव्हते. पायच तसे वळत होते.

या अभ्यासांची भूमी अमेरिका आणि युरोप ही आहे आणि त्यांच्या पोटात एक गृहीतक आहे, ते असे की वजन घटवणाऱ्याला भोवतालचा समाज शाबासकीच देणार. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात हे गृहीतक जसेच्या तसे टिकत नाही. अशोका रस्त्यालगतचा, १९३३ मध्ये पायाभरणी झालेल्या सेंट फिलोमिना चर्चच्या जोड मनोऱ्यांच्या परिसरातला हा जुना व्यापारी भाग आहे, जिथे कन्नड, उर्दू आणि तमिळ एकाच गल्लीत ऐकू येतात. आणि म्हैसुरातील भावसार, मराठा व देशस्थ कुटुंबांच्या घरात आजही दक्षिणी वळणाची मराठी टिकून आहे. अशा मोहल्ल्यात वजन उतरलेला माणूस ओळखीच्यांच्या नजरेस पडला की पहिला प्रश्न अभिनंदनाचा नसतो. 'काय हो, वाळलात किती! साखर निघाली काय?' किंवा 'बरं नव्हतं काय?' असा तो असतो, आणि शेजारच्या कन्नड घरातूनही 'सोरगिद्दीरा' म्हणून हाच सुकल्याचा शेरा येतो. आहार सांभाळून, पहाटे उठून चालून कमावलेले यश सांगायला निघालेल्या माणसाला आधी आपण आजारी नाही याचा पुरावा द्यावा लागतो.

या प्रश्नाला कोणी अडाणीपणा म्हणेल, पण त्याच्यामागे याच भूमीचा इतिहास उभा आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानात अंदाजे दहा लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा, दगावली. म्हैसूर शहराबाहेर कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी जे आरोग्यधाम विसाव्या शतकाच्या प्रारंभी उभे राहिले, त्याला क्षयानेच गेलेल्या राजकन्या कृष्णाजम्मणी यांचे नाव आहे. परिणामकारक औषधे येण्याआधी अशा आरोग्यधामांत रुग्णाला नियमाने काट्यावर उभे करीत, ते वजन वाढले की नाही हे पाहण्यासाठी. वाढलेला प्रत्येक शेर हा जगण्याकडे टाकलेले पाऊल समजला जाई. ज्या समाजाने कित्येक पिढ्या अंग भरणे हीच प्रकृतीची खूण मानली, त्याने कृश होत चाललेल्या देहाकडे संशयाने पाहावे हे अगदी स्वाभाविक आहे. आजही हा संशय निराधार नाही; कारण न कळता उतरलेले वजन हे मधुमेह, क्षय किंवा कर्करोगाचे लक्षण असू शकते आणि ते पाहून घाबरणारी आजी कित्येकदा डॉक्टरांच्या आधी बरोबर ठरते.

यात आणखी एक गुंता आहे आणि तो विशेषतः बायकांच्या वाट्याला येतो. मराठी कुटुंबात सुनेचा किंवा लेकीचा देह तिचा एकटीचा नसतो. तो एका घराने दुसऱ्या घरापुढे ठेवलेला पुरावा असतो. माहेरपणाला आलेली मुलगी बारीक दिसली की सासरी तिला काय कमी पडते याची चौकशी सुरू होते, आणि तीच मुलगी आपण मुद्दाम वजन उतरवले असे सांगू लागली तर सासूला ते आपल्या स्वयंपाकावरची टीका वाटण्याचा संभव असतो. ताटात वाढलेली दुसरी पोळी नाकारणे हे येथे पथ्य म्हणून पटकन स्वीकारले जात नाही, ते वाढणाऱ्या हाताला नाकारणे ठरते. मुलगी लग्नाची असेल तर हीच माणसे उलट बोलतात, कारण स्थळ पाहताना शिडशिडीत बांध्याची अट पुढे येते. म्हणजे एकाच स्त्रीला काही वर्षांच्या अंतराने बारीक हो आणि अंगाने भर, असे दोन्ही हुकूम मिळतात, आणि यांतून ती स्वतःच्या देहाचे जे चित्र रंगवते त्याला कोणी विकृत म्हणणार असेल तर तो शब्द आधी हुकूम देणाऱ्यांना लावावा लागेल.

आता असे म्हणता येईल की नातेवाइकांची नजर आणि मनाची प्रतिमा दोन्ही अविश्वसनीय असतील तर काट्यावर विसंबावे, तो तरी खोटे बोलत नाही. या युक्तिवादाला सर्वांत चांगले उत्तर म्हैसूर आणि पुणे या दोन शहरांनीच दिले आहे. लष्कर मोहल्ल्याशेजारच्या मंडी मोहल्ल्यात होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालय हे मिशनचे जुने इस्पितळ आहे, जिथे १९३४ पासून जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या. त्या नोंदींतील १९३४ ते १९५४ या काळात जन्मलेल्या आणि पुढे म्हैसुरातच राहिलेल्या ५१७ स्त्रीपुरुषांचा शोध घेऊन केलेला अभ्यास १९९६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातून दिसले की जन्मतः अडीच किलो किंवा त्याहून कमी भरलेल्यांत हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के होते, तर ३.१ किलो किंवा अधिक भरलेल्यांत ते ३ टक्के होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या हृदयाचा हिशेब असा त्याच्या पहिल्या वजनापर्यंत मागे जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच दिशेने पुढे जाऊन दाखवले की पुण्याच्या परिसरातील नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सरासरी पाऊण किलोने हलकी असली तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने राखलेली असते; स्नायू कमी आणि मेद शाबूत. २००४ मध्ये याज्ञिक यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश वैद्यक संशोधक जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. दोघांचा उंची-वजन निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता, युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के होता आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के.

वजन उतरवण्याच्या जाहिरातीत जी दोन छायाचित्रे असतात ती एकाच माणसाची, आधीची आणि नंतरची. येथे दोन माणसांची दोन छायाचित्रे आहेत आणि डोळ्यांना दिसणारे व काट्याला कळणारे दोन्ही कसे अपुरे पडते हे ती सांगतात. याचा अर्थ वजन निरर्थक आहे असा होत नाही, कारण मधुमेह, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास अडकणे या व्याधी वजन उतरल्याने हलक्या होतात हे निर्विवाद आहे. अर्थ इतकाच की आपल्या देहाविषयी साशंक असलेल्या माणसाला आकडा पाहा आणि गप्प बसा, असे सांगण्याचा अधिकार काट्याला नाही. काटा देहाची एक बाजू सांगतो, नातेवाईक दुसरी, आणि मन तिसरी. या तिघांत भांडण असणे हीच येथे नेहमीची अवस्था आहे.

आधी आणि नंतर या छायाचित्रांच्या जोडीकडे आता वळता येईल. महाराष्ट्रात गेल्या दशकात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर उभारलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घराघरांत पोचली, आणि तिच्यासोबत उतरलेल्या किलोंचे व पोटाच्या घटलेल्या घेराचे जोडचित्रही पोचले. त्याच काळात मुंबईच्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर तूप, भात आणि हंगामी फळे सोडू नका असे सांगत होत्या. या दोन पक्षांचे वाद रंगले, लग्नाच्या पंगतीतही रंगले, पण जोडचित्राविषयी फारसा वाद झाला नाही. त्यातील डावीकडचे छायाचित्र नीट पाहिले तर बहुधा ते ओझरते टिपलेले, अंधूक उजेडातले, ढगळ कपड्यांतले असते, आणि उजवीकडचे ठरवून काढलेले. चित्रांची ही मांडणी पाहणाऱ्याला सांगते की डावीकडचा माणूस आळशी होता आणि उजवीकडचा कष्टाळू आहे. प्रत्यक्षात डावीकडच्यानेच पहिला उपास केला, पहिल्या दिवशी धापा टाकत चालला तोही तोच. उजवीकडच्याकडे जे काही आहे ते सगळे डावीकडच्याची कमाई आहे, आणि त्यालाच जाहिरातीत तोंड लपवावे लागते.

सार्वजनिक जीवनातील एक दाखला येथे उपयोगी पडतो. नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैन येथील कार्यक्रमात तेथील खासदार अनिल फिरोजिया यांना, उतरवलेल्या प्रत्येक किलोमागे विकासकामांसाठी एक हजार कोटी रुपये देण्याचे आमिष दाखवताना त्यांनी सांगितले की आपले वजन पूर्वी १३५ किलो होते, आता ९३ आहे, आणि जुने छायाचित्र दाखवले तर लोक ओळखतही नाहीत. हे सगळे हास्यविनोदात झाले आणि विनोद म्हणून ते चांगलेच होते. तरी लोक ओळखत नाहीत हे वाक्य वजन उतरवलेला जवळजवळ प्रत्येक जण अभिमानाने उच्चारतो ही बाब विचार करण्याजोगी आहे, कारण त्यात आपण जुन्या देहातून निसटलो याचा आनंद असतो आणि जो कित्येक वर्षे आपणच होतो तो आता परका झाला याची कबुलीही असते. गडकरी यांच्यासारख्याला हे परवडते, कारण त्यांची ओळख देहाच्या आकाराबाहेर कितीतरी पसरलेली आहे. ज्याला शाळेपासून आकारावरूनच टोपणनाव पडले त्याला आपली जुनी ओळख टाकायची म्हणजे बालपणीचे मित्रही थोडे दूर ठेवायचे.

उलट बाजू २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी दिसली. एका नामवंत लेखिकेने एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकून मुंबईतल्या 'जड' बंदोबस्ताची थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, मध्य प्रदेश पोलिसांतील निरीक्षक होता. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली, वजन बरेच उतरले आणि वृत्तपत्रांनी ही कथा सुखान्त म्हणून छापली. थट्टेने भले केले, असा तिचा गर्भित अर्थ होता. हा अर्थ स्वीकारणे धोक्याचे आहे, कारण स्टंकार्ड यांच्या अभ्यासात बोलणी खाल्लेल्यांचीच देहप्रतिमा सर्वांत जखमी निघाली होती. थट्टेने वजन उतरत असेलही, पण ज्या नजरेच्या धाकाने ते उतरते ती नजर माणूस आत घेऊन बसतो, आणि मग बाहेरचे सगळे गप्प झाले तरी आतली नजर बोलत राहते.

मागे रेंगाळणाऱ्या देहप्रतिमेत शहाणपणही असू शकते, ही शक्यता तज्ज्ञ फारशी विचारात घेत नाहीत. शिंप्याच्या दुकानात ती दिसते. वजन उतरलेली बाई जुने ब्लाउज घेऊन येते तेव्हा चांगला शिंपी कापड कापत नाही. तो बाजूची शिवण आत घेतो, मुंढा आवळतो आणि उरलेले कापड आतल्या बाजूला माया म्हणून दाबून ठेवतो. बाहेरून ब्लाउज नव्या अंगाला चोख बसतो, पण उलटा करून पाहिला तर जुन्या टाक्यांच्या छिद्रांची ओळ आणि तिच्यापलीकडचे, ऊन-पाण्याने न विटलेले गडद कापड तसेच दिसते. शिंप्याला अनुभवाने ठाऊक असते की यांतील कित्येक ब्लाउज दोन वर्षांनी पुन्हा उसवायला येणार आहेत. त्याचा अंदाज विज्ञानाशी जुळतो. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांचा केविन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पाठपुरावा केला तेव्हा १३ जणांचे वजन कमी-अधिक प्रमाणात परत वाढलेले होते, आणि विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते ती अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी झालेली होती. शरीर जुने वजन परत मिळवण्यासाठी झगडते, भूक वाढवते आणि खर्च आवळते. वजन उतरवणाऱ्या नव्या औषधांनीही यातून सुटका होत नाही. भारतात टिर्झेपाटाइड हे इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये बाजारात आले. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत येतो, असे त्याच्या चाचणीच्या पाठपुराव्यात आढळले आहे. अशा स्थितीत ज्या बाईचे मन आपण अजून जाड आहोत असे धरून चालते, ती निदान काही अंशी आपल्या शरीराचेच म्हणणे ऐकत असते. तिने कपाटात जपून ठेवलेले दोन मोठे पंजाबी ड्रेस म्हणजे आत्मविश्वासाचा अभाव, असे निदान करण्याची घाई समुपदेशकांनी करू नये.

अर्थात शहाणपण आणि भीती यांची सीमा पुसट आहे. मोठ्या प्रमाणावर वजन उतरल्यावर पोट, दंड आणि मांड्यांवरची कातडी सैल होऊन लोंबते, तिच्या घड्यांत घाम साचून चट्टे उठतात, शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत केस गळतात, आणि चेहरा ओढल्यासारखा होऊन वय वाढल्याचा भास होतो. कपड्यांत सुबक दिसणारे अंग न्हाणीघरात वेगळेच दिसते. येथे मन आभास पाहत नसते. ते खरोखरचाच, पण जाहिरातीने न दाखवलेला देह पाहत असते. अशा माणसाला तू आता किती छान दिसतोस म्हणणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणे आहे.

मग देहआराखडा जुळून येतो कशाने? बहुधा आरशापेक्षा हालचालीने, आणि याही बाबतीत म्हैसूर-पुणे हा मार्ग जुना आहे. टी. कृष्णमाचार्य यांनी कृष्णराज वडियार (चौथे) यांच्या आश्रयाने १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा चालवायला घेतली. त्यांच्याकडे १९३४ मध्ये आलेला बी. के. एस. अय्यंगार हा कोवळा मेहुणा हिवताप, विषमज्वर आणि क्षयाने खंगलेला, काटकुळ्या हातापायांचा आणि पुढे आलेल्या पोटाचा होता. १९३७ मध्ये तो पुण्याला गेला आणि तेथे पट्टे, ठोकळे, घोंगड्या यांच्या आधाराने प्रत्येक सांध्याची ठेवण तपासणारी जी पद्धत त्याने घडवली, तिच्यात उभे राहण्याच्या साध्या आसनातही भार टाचेच्या बाहेरच्या कडेवर पडतो आहे की आतल्या, हे डोळ्यांविना ओळखायला शिकवले जाते. वजन उतरलेल्या माणसाचा तोल बदललेला असतो, चाल बदललेली असते, बसल्यावर पूर्वी न टोचणारी हाडे टोचतात. हे बदल एकेक करून ध्यानात येण्याची अशी संधी आरसा देत नाही. मात्र यात भाबडेपणा नको. ज्या म्हैसुरात ही परंपरा वाढली तेथेच आज गोकुलम भागात जगभरातून येणाऱ्या शिष्यांची लवचीक, सडपातळ शरीरे योगाची जाहिरात बनली आहेत आणि लष्कर मोहल्ल्यातली साडी नेसून चालायला निघणारी पन्नाशीची बाई त्या चित्रात कुठेच बसत नाही.

वजनाच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाची मानसिक तपासणी करण्याची पद्धत चांगल्या रुग्णालयांत रूढ आहे; नंतरच्या भेटींत वजन, साखर, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची विचारपूस होते. देहप्रतिमेचा प्रश्न पेटतो तो बहुधा या भेटी विरळ झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तोवर कौतुक थांबलेले असते आणि आजाराची चौकशीही. नोकरी बदलते, घर बदलते, नव्या ओळखी होतात, आणि या नव्या माणसांना समोरचा कधी जाड होता हे माहीतच नसते. जेवणाच्या सुट्टीत ती मोकळेपणाने एखाद्या लठ्ठ सहकाऱ्याविषयी बोलतात: केवढा खातो, लिफ्टमध्ये शिरला की बाकीचे बाहेर, स्वतःवर ताबाच नाही. जे पूर्वी पाठीमागे बोलले जात असावे असा नुसता संशय होता, ते आता समोर बसून, आपल्याच टोळीतला समजून ऐकवले जाते. त्या माणसाला हसता येते, गप्प बसता येते, किंवा खिशातल्या फोनमधले जुने छायाचित्र काढून टेबलावर ठेवता येते. आणि यांपैकी काहीही केले तरी डबा संपेपर्यंत तो आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही देहांनिशी त्या टेबलाशी बसलेला असतो.